तंबोरा आहे, पण ऐकू येत नाही: सांगलीच्या एका बँडच्या पहिल्या अल्बमचं प्रकरण

चार पोरांचा बँड. दोघं सांगलीचे, एक मिरजेचा, एक तासगावकडचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एकत्र आले, गॅदरिंगमध्ये वाजवायला लागले आणि पुढं कोल्हापूर, इचलकरंजी, कराडच्या कॉलेजांतून बोलावणी यायला लागली. गेल्या वर्षी त्यांचा पहिला अल्बम आला. सहा गाणी, सगळी मराठी, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग पुण्याच्या एका स्टुडिओत. बँडचं नाव इथं देत नाही. पुढं ज्यांची मतं येतील ती माणसं त्यांच्या रोजच्या बसण्याउठण्यातली आहेत आणि मला त्या मतांबद्दलच लिहायचं आहे.

अल्बम आल्यावर पहिल्या आठवड्यातच चाहत्यांमध्ये दोन तट पडले. ज्यांनी बँडला कधी समोर ऐकलं नव्हतं ते खूश होते. जे दोन वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या रांगेत उभे होते, ते नाराज. आणि त्यांच्या नाराजीचं बोट एकाच गाण्याकडं होतं.

ते गाणं म्हणजे रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी द्यायला निघालेल्या पोराचं गाणं. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, मोटर चालू करायची आणि सरी भरेपर्यंत थांबायचं. पलूस, वाळवा, कडेगावकडून हॉस्टेलला आलेल्या निम्म्या पोरांनी हे स्वतः केलेलं आहे. गाण्याची सुरुवात तंबोऱ्यानं व्हायची. मिरजेत बनलेला खरा तंबोरा, स्टेजवर, ड्रमच्या शेजारी. तो छेडला की पोरं गप्प व्हायची, मग खालून गिटार यायची आणि शेवटच्या ओळीला अख्खं मैदान गायचं. हॉस्टेलच्या एकानं मला सांगितलं होतं, "तंबोरा सुरू झाला की मला आमची मोटर सुरू झाल्यागत वाटतं बघा, दादा."

अल्बममध्ये हेच गाणं ऐकून पहिला प्रश्न आला तो असा: "तंबोरा कुठं घालवलासा रं?"

बँडचं उत्तर: "आहे की. नीट ऐक."

पुढचे पंधरा-वीस दिवस हा एवढाच संवाद वेगवेगळ्या तोंडांनी चालू राहिला. चाहते म्हणत काढला, बँड म्हणे आहे. दोन्ही बाजू अगदी प्रामाणिक होत्या, आणि म्हणूनच मला हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखं वाटतं. मी नाटकांचं आणि कार्यक्रमांचं ध्वनिसंयोजन करतो. या पोरांच्या काही कार्यक्रमांना मिक्सरवर मीच होतो, त्यामुळं दोन्हीकडची मंडळी माझ्याकडं येऊन बोलत होती.

इथल्या कानांबद्दल

रॉकच्या चाहत्यांनी एका तंबोऱ्यासाठी एवढं बेचैन का व्हावं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. त्याला सांगली-मिरज माहीत असायला हवं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून गाव नाट्यपंढरी म्हणवून घेतं, आणि मराठी नाटक बराच काळ गाण्यावरच उभं होतं. मिरज तर वाद्यांचं गाव. सतारमेकर मंडळींची घरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनवतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथंच दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. मिरजेतलं पोरगं शास्त्रीय संगीत शिकलेलं असेलच असं नाही. पण तंबोरा कसा बोलतो हे त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेलं असतं.

बँडमध्ये तंबोरा आला तोही असाच. मिरजेच्या पोराच्या शेजारी वाद्य बनवणारे एक चाचा राहतात. त्यांनी एक जुना दुरुस्त केलेला तंबोरा वापरायला दिला. पुरुषी तंबोरा, काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, बोलणारा. गिटार साधारणपणे पांढरी तीनच्या हिशोबानं लावलेली असते. तंबोरा तेवढा चढवला तर तारांवर ताण येतो, आवाजही आवळतो. म्हणून पोरांनी गिटारीच तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. जड रॉक वाजवणारे कित्येक बँड हे करतातच. त्यासाठी जाड तारा लागतात, नाहीतर तार सैल पडून फडफडते. थोडक्यात, अख्खा बँड तंबोऱ्याच्या सुराला आला. मला त्यांचं हे फार आवडलं होतं. अनेक फ्युजन मंडळी गिटार जागेवर ठेवून पेटीतला इलेक्ट्रॉनिक तंबोरा हव्या त्या सुरात फिरवून घेतात.

सराव मार्केट यार्डातल्या एका नातेवाइकाच्या हळदीच्या गाळ्यात. हंगामात गाळा पोत्यांनी भरलेला असला की आवाज कोरडा, नेमका ऐकू यायचा. पोती आवाज शोषून घेतात. पावसाळ्यात गाळा रिकामा झाला की तिथंच सगळं घुमायला लागायचं. बासवाला गमतीनं नाही, खरंच म्हणायचा की आपली चांगली गाणी फेब्रुवारी ते मे मध्येच सुचतात.

पहिलं स्पष्टीकरण आणि त्याची मर्यादा

नाराजी सुरू झाली तेव्हा बँडनं स्वतःची समजूत घातली ती अशी: लोकांना आधी ऐकलेलं तेच आवडतं, आठवड्याभरात सवय होईल. या म्हणण्यात तथ्य आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीजचं उदाहरण या पोरांना पाठ होतं. त्यांनी सुरुवातीला कार्यक्रमांत डेमोच्या सीड्या फुकट वाटल्या, चाहत्यांनी त्या इंटरनेटवर पसरवल्या आणि अल्बम येण्याआधीच लोकांना गाणी तोंडपाठ झाली. जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा डेमोच बरे होते म्हणणारे चाहते होतेच. तरी त्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांच्या वर प्रती खपल्या, ब्रिटनमध्ये तोपर्यंत कुठल्याही बँडच्या पदार्पणाला एवढा वेग मिळाला नव्हता.

मला मात्र हे स्पष्टीकरण अपुरं वाटत होतं. अल्बममध्ये बदललेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. एका गाण्याचं कडवं गळालं होतं, दुसऱ्यात सोलो लांबला होता. त्यावर कुणी फारसं बोललं नाही. सवय मोडल्याचा राग असता तर तो सगळीकडं सारखा पसरला असता. इथं तो एका गाण्यात, त्यातही एका वाद्यावर येऊन थांबत होता.

म्हणून आम्ही विचारायची पद्धत बदलली. "आवडलं का?" हा प्रश्न बंद केला, कारण त्याचं उत्तर मैत्रीवर ठरतं. त्याऐवजी दोनच गोष्टी विचारायच्या: कशावर ऐकलंस, आणि कुठं खटकलं? भेटेल त्याला, चहाच्या गाड्यावर, हॉस्टेलच्या जिन्यात, स्टँडवर. ड्रमरनं वहीत नोंदी ठेवल्या.

त्या वहीतून जे दिसलं त्यानं सगळं प्रकरण फिरलं. ज्यांनी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं होतं ते बहुतेक म्हणत होते, तंबोरा नाहीच. ज्यांनी गाडीत किंवा मोठ्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकलं ते म्हणत होते, काहीतरी घुमतंय, पण तंबोऱ्यासारखं वाटत नाही. आणि चाचांनी, ज्यांच्यासाठी पोरांनी गाणं पेनड्राइव्हवर नेऊन दिलं होतं, दुकानातल्या जुन्या डेकवर ते दोनदा ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "तंबोरा आमचाच हाय. पण जवारी बंद करून टाकली की हो कुणी."

जवारी कुठं गेली

चाचांचं वाक्य समजून घ्यायचं तर त्यांचं काम जवळून बघावं लागतं. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार तिच्यावरून जाताना कंप पावते तेव्हा घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्शत राहते, आणि त्या स्पर्शातून वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरातच दडलेले उंच सूर, एकामागून एक उमलतात. चाचा कानशीनं घोडी घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. मग तारेखाली सुती दोऱ्याचा तुकडा सरकवतात आणि केसभर पुढं, केसभर मागं नेतात. एका जागेवर तार मुकी असते. तिथून जरा हलली की तीच तार झणकारायला लागते. हा झणकार म्हणजे जवारी, आणि ही झाली खुली जवारी. शेवटी मणी सरकवून सूर नेमका करायचा. हे सगळं करताना ते बोलत नाहीत आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत.

या उपस्वरांमध्ये पाचवा उपस्वर म्हणजे गांधार, सरगमीतला 'ग'. तंबोऱ्याला गांधाराची तार नसते, तरी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून गांधार ऐकू येतो तो यामुळं. काळी एकचा षड्ज, म्हणजे 'सा', साधारण १३८.६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. त्याची पाच पट म्हणजे ६९३. हा नैसर्गिक गांधार. गिटारीचे पडदे मात्र सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात आणि तिच्यावरचा तोच गांधार साधारण ६९८.५ वर येतो, म्हणजे १४ सेंट चढा. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर फरक छोटा वाटेल. पण दोन्ही स्वर एकत्र धरून ठेवले की सेकंदाला साडेपाच वेळा आवाज हेलकावतो.

गाण्याच्या ध्रुवपदात दुसरा गिटारवाला स्वच्छ आवाजात पूर्ण मेजर कॉर्ड लावून धरायचा. म्हणजे षड्ज, गांधार, पंचम: सा, ग, प. स्टेजवर ड्रम, बास आणि हजारभर पोरांचं गाणं यात हा हेलकावा कुणाला कळलाच नाही. स्टुडिओच्या शांततेत तो पहिल्या मिनिटाला कळला. तिथल्या ध्वनिमुद्रकानं तेच केलं जे त्या जागी कुणीही कुशल माणूस करेल: भांडणाऱ्या दोघांपैकी एकाचा आवाज खाली आणला. तंबोऱ्याचा साधारण ६०० हर्ट्झच्या वरचा भाग त्यानं उतरवून टाकला. भांडण मिटलं. गायकाच्या आवाजालाही ध्रुवपदात सॉफ्टवेअरनं थोडं सरळ केलं होतं, आणि ते सॉफ्टवेअर नेहमीच्या मांडणीत गिटारीच्याच बारा समान स्वरांकडं ओढतं. तंबोऱ्यावर गळा ठेवून गाणाऱ्या पोराचा गांधार त्यात उचलला गेला. "आवाज जरा मशीनचा वाटतोय" असं दोघातिघींनी वहीत लिहून घ्यायला लावलं होतं, त्याचं कारण इथं सापडलं.

आणखी एक गोष्ट स्टेज आणि स्टुडिओत वेगळी होती. स्टेजवर ड्रमचा आवाज माइकमध्ये शिरू नये म्हणून आम्ही तंबोऱ्याच्या तबलीवर, घोडीच्या जवळ, पिकअप, म्हणजे वाद्याचं कंपन थेट उचलणारं छोटं यंत्र, चिकटवायचो. त्यातून झणकार होता त्यापेक्षा जास्तच उचलला जायचा. स्टुडिओत समोर चांगला कंडेन्सर माइक लावला, त्यानं वाद्याचा गोल, खराखुरा आवाज घेतला. चाहत्यांना सवय होती ती पिकअपच्या तंबोऱ्याची. तेव्हा सवयीचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, फक्त त्याची जागा वेगळी होती.

राहिला मोबाइल. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तीन-चारशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही. स्टुडिओनं वरचं कापलं, मोबाइलनं खालचं. मधे जी बारीक पट्टी उरली ती गिटारीखाली दबून गेली. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर मात्र खर्जाची घुमी व्यवस्थित ऐकू येत होती, आणि बँडनं गाणं पसंत केलं ते तिथंच बसून. "आहे की, नीट ऐक" हे त्यांचं म्हणणं त्या खोलीपुरतं खरं होतं. हॉस्टेलच्या खोलीत उशाला फोन ठेवून ऐकणाऱ्या पोरासाठी तंबोरा खरोखरच नव्हता.

मिरज दवाखान्यांचंही गाव आहे. तिथला कुठलाही जुना डॉक्टर सांगेल की रोगी रोगाचं नाव चुकीचं सांगतो, पण दुखतं कुठं ते बरोबर दाखवतो. "तंबोरा काढला" हे निदान चुकीचं होतं. बोट मात्र नेमक्या जागेवर होतं. बँडनं निदानावर वाद घालण्यात पंधरा-वीस दिवस घालवले, याचं मला वाईट वाटतं, कारण ती माणसं तक्रार करत होती ती प्रेमापोटी. ज्याला गाण्याचं काही वाटत नाही तो एका वाद्याचा आवाज शोधत बसत नाही. तो पुढचं गाणं लावतो.

मग काय केलं

सापडलेलं कारण खरं आहे की नाही हे तपासायचं होतं. गळ्यातला गांधार मोकळा सोडून, गिटारीचा गांधार काढून आणि तंबोऱ्याचा वरचा भाग परत आणून मी साध्या सेटअपवर एक कच्चं मिक्स केलं. जुनं आणि नवं अशी दोन्ही गाणी पहिल्या वर्षाच्या पाच-सहा पोरापोरींना ऐकवली, ज्यांनी बँडला कधी समोर ऐकलं नव्हतं. कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. दोन्हींची पातळी आधी सारखी करून घेतली, कारण जरा मोठ्यानं वाजलेलं गाणं कुणालाही जास्त चांगलं वाटतं आणि अशा चाचण्या तिथंच फसतात. मोबाइलवर ऐकताना बहुतेकांनी नवं निवडलं. हेडफोनवर मतं विभागली. एवढ्याशा लोकांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण मोबाइलवरचा फरक सवयीचा नव्हता एवढं कळलं.

खरी अडचण होती दुसऱ्या गिटारवाल्याची. ध्रुवपदातली ती कॉर्ड त्याची होती. त्यानंच ती शोधली होती, आणि त्या गाण्यात त्याचं म्हणावं असं तेवढंच होतं. "गांधार काढला तर मी तिथं काय वाजवू, नुसता सा-प?" असं तो म्हणाला तेव्हा खोलीत कुणाला लगेच उत्तर सुचलं नाही.

उत्तर रॉकमध्येच होतं. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम, लावलेल्या गिटारीवर पूर्ण कॉर्ड वाजवली की स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो, विशेषतः गांधाराचा. म्हणून रॉकवाले पॉवर कॉर्ड वाजवतात, म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम. आणि पंचमाच्या बाबतीत गिटार आणि तंबोरा यांच्यात फरक जेमतेम २ सेंटचा, कानाला न जाणवणारा. तंबोऱ्याच्या तारा तरी कुठल्या? पंचम, जोड (मधला सा) आणि खर्ज (खालचा सा). एकीकडं भोपळ्याचं वाद्य, दुसरीकडं अँप्लिफायरला जोडलेली गिटार, आणि दोन्ही एकाच सा-प वर उभी. गिटारवाल्यानं ध्रुवपद डिस्टॉर्शनवर सा-पमध्ये वाजवून बघितलं, तंबोऱ्याच्या छेडीच्या तालावर तुटक करत नेलं, आणि दोन दिवसांनी म्हणाला की आता त्याला ही जुन्यापेक्षा जास्त स्वतःची वाटतेय. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण तो हे बोलला तेव्हा त्याला समजावणारं तिथं कुणी नव्हतं.

गाणं परत रेकॉर्ड करायचं ठरलं. तंबोरा मिरजेतच, चाचांच्या घरच्या मागच्या खोलीत. दिवसा गल्लीत ठोकपीट आणि रिक्षा, म्हणून रात्री. जवारी चाचांनी स्वतः लावली आणि मुद्दाम नेहमीपेक्षा जरा जास्त खुली ठेवली. "त्या डबड्यात ऐकणार असतील तर एवढी पायजेच," असं मोबाइलकडं हात करून म्हणाले. माइक आणि पिकअप दोन्ही लावले. सुरुवातीला नुसता तंबोरा ठेवायचा, मग गिटार, असंही ठरलं. जशी स्टेजवर सुरुवात व्हायची तशी.

इथं पैशाचा आणि मोजणीचा प्रश्न आडवा आला आणि तो बारीक नाही. नव्या रेकॉर्डिंगला नवा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या ओळखीचा वेगळा क्रमांक, लागतो, म्हणजे ऐकणाऱ्यांची मोजणी शून्यावरून सुरू. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक ऐकणं धरतात, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० ऐकणी झाली नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. जुनं गाणं काढून नवं टाकलं असतं तर आतापर्यंतचं सगळं पुसलं गेलं असतं. वर सुरुवातीचा नुसता तंबोरा म्हणजे अनोळखी माणूस तिसाव्या सेकंदाच्या आत गाणं बदलण्याची जोखीम. बासवाल्याचं म्हणणं होतं की सुरुवात आखूड करू. गायक म्हणाला, "मग परत तेच. ज्यांच्यासाठी करतोय त्यांनाच आखूड?" वाद बराच वेळ चालला. शेवटी दोन्ही गाणी ठेवायची ठरली: जुनं अल्बममध्ये जागेवर, नवं स्वतंत्र. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, पैशापेक्षाही दुसऱ्या कारणासाठी. जुनं गाणं आवडलेले लोकही चाहतेच होते आणि त्यांनी कुणाचं काही हिरावून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीतल्या प्रतिक्रिया

मिरजेकडून लगेच पावती आली. हॉस्टेलमध्ये एका पोरानं फोन टेबलावर उपडा ठेवून गाणं लावलं आणि शेजारच्या खोलीतून दुसरा ओरडला, "आला रे!" हे मला ड्रमरनं सांगितलं, वहीतही लिहिलंय. पलूसच्या एका मुलीनं सांगितलं की तिनं वडिलांना ऐकवलं आणि त्यांनी पहिल्यांदा पोरांची नावं विचारली.

पण सगळं गोड झालं नाही. पुण्यातल्या, अल्बममधूनच बँडशी ओळख झालेल्या एकीनं कळवलं की जुन्या ध्रुवपदात खिडकी उघडल्यासारखं वाटायचं, ते नव्यात गेलं. तिचं म्हणणं चुकीचं नाही. मेजर कॉर्डचा गांधारच तो उजेड आणतो आणि आम्ही तोच गिटारीतून काढला होता. नव्या गाण्यात गांधार आहे, पण तो तंबोऱ्यातून आणि गळ्यातून येतो. तो शोधावा लागतो. तिला शोधावं लागू नये असंच वाटत असेल तर जुनं गाणं तिच्यासाठी आहे.

हॉस्टेलच्या पोरांची आणखी एक तक्रार होती, ती मात्र सुटलेली नाही. त्यांचं म्हणणं गाणं संथ झालंय. हेही खरं आहे. स्टुडिओत कानात क्लिक, म्हणजे लय धरून देणारा टकटक आवाज, लावून वाजवलं की लय पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच राहते. कार्यक्रमात शेवटच्या ओळीला मैदान गायला लागलं की ड्रमर नकळत पळायचा, मोबाइलवरच्या जुन्या चित्रीकरणांत ते सहज कळतं. शिवाय तिथं त्यांचा स्वतःचा आवाज गाण्यात होता. अल्बममध्ये शेवटची ओळ गायक एकटा म्हणतो. हॉस्टेलमधल्या एकानं याबद्दल जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: "आमी गातोय तिथं आता मोकळं हाय. ऐकताना कळत नाही गावं का गप बसावं."

बँडनं यावर विचार केला. पोरांना गाळ्यात बोलावून शेवटची ओळ एकत्र रेकॉर्ड करावी, अशी कल्पना निघाली. दिल्लीच्या इंडियन ओशननं १९९३ च्या पहिल्या स्टुडिओ अल्बमनंतर दुसरा अल्बम थेट मैफलीतूनच काढला होता, तो मार्गही चर्चेत आला. गायकानं दोन्हीला नकार दिला. त्याचं कारण मला पटलं: गाण्यातला पोरगा रात्री बांधावर एकटा असतो. मैदानात सगळे मिळून ती ओळ गातात ते वेगळं, तिथं सगळेच ती पाळी करून आलेले असतात. पण कानात इअरफोन घालून खरंच पाणी द्यायला निघालेला कुणी ऐकत असेल तर त्याच्या कानात गर्दी नको. जागा मोकळी आहे ती त्याला गायची असेल तर त्याच्यासाठी.

हॉस्टेलच्या मंडळींना हे अजून मान्य नाही. पुढच्या अल्बमचं काम सुरू झालंय. यावेळी मिक्स पसंत करायच्या आधी प्रत्येक गाणं एका जुन्या मोबाइलवर, एका गाडीत आणि चाचांच्या डेकवर ऐकायचं असं ड्रमरच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. लयीबद्दल मात्र गाळ्यात अजून भांडण चालू आहे, आणि क्लिकशिवाय एक तरी गाणं रेकॉर्ड करून बघू या, इथपर्यंत ड्रमर आलाय.